‘साफ करताना गोळी सुटली’ : बातमीत न येणारा एक्स्ट्रॅक्टर

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

‘शस्त्र साफ करताना चुकून गोळी सुटली’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत वर्षातून अनेकदा छापून येते. पुढे जखमीचे नाव, रुग्णालय, चौकशीचे आदेश, आणि तिथे बातमी संपते. पण ज्याने शस्त्र साफ करायला घेतले, त्याने ते रिकामे आहे असे धरूनच घेतलेले असते. मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसणाऱ्या पोकळीत, काडतूस राहिले कसे? बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. आधी बोल्ट (चेंबर मागून मिटवणारा सरकता भाग) ओढला, चेंबरमधले काडतूस बाहेर पडले, बोल्टने पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे आत सारले, आणि त्यानंतर मॅगझिन काढले. हे कारण शस्त्र हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरे कारण मात्र फारसे कोणी तपासत नाही. पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड, हलक्या बंदुकीत, ते महिनोन् महिने लपून राहू शकते. ते म्हणजे झिजलेला किंवा तुटलेला एक्स्ट्रॅक्टर, काडतूस चेंबरमधून ओढून काढणारा भाग. त्याबद्दल सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. काडतूस म्हणजे पुंगळी, टोपी (बुडाशी बसवलेली, ठोक्याने पेटून दारू पेटवणारी), दारू आणि गोळी मिळून झालेली अख्खी वस्तू. गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा, जो नळीतून बाहेर जातो. मागे उरते ती पितळी पुंगळी. ९ मि.मी. पॅराबेलम हे काडतूस १९०२ सालचे, जर्मनीत जॉर्ज लुगर यांनी बनवलेले, आणि आजही आपल्या पोलिसांच्या पिस्तुलांत व कार्बाइनमध्ये तेच चालते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या पुंगळीच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे ठोकलेली दिसतात. त्या बुडाच्या कडेच्या जरा वर एक खोबण असते. एक्स्ट्रॅक्टर तिथेच धरतो.

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या तोंडाशी बसवलेले, नखासारखा वाकलेला छोटा पोलादी तुकडा. मागे एक बारीक स्प्रिंग असते, ती नखाला आतल्या बाजूला दाबून धरते. काडतूस चेंबरमध्ये बसले की नख कडेवरून घसरून खोबणीत अडकते. बोल्ट मागे आला की काडतूस किंवा पुंगळी त्याच्यासोबत येते. दुसऱ्या बाजूला इजेक्टर हा अचल खुंट असतो. पुंगळीचे बूड त्यावर आपटते, पुंगळी नखाभोवती गिरकी घेते आणि शस्त्राच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते. नख धरून ठेवते म्हणून गिरकी बसते. नखाची पकड ढिली असेल तर इजेक्टर कितीही चांगला असून उपयोग नाही.

या नखाला धरायला जागा किती मिळते ते पाहा. ९ मि.मी. काडतुसाच्या बुडाची कड ९.९६ मि.मी. व्यासाची, खोबणीचा तळ सुमारे ८.८ मि.मी. म्हणजे एका बाजूला नखाला मिळणारा आधार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. नखाची धार दोन दशांश मिलिमीटर गोल झाली तर एक तृतीयांश पकड गेली. डोळ्यांना ती झीज दिसतही नाही.

आता मुख्य मुद्दा. सैन्याच्या मोठ्या रायफलीत बोल्ट नळीला कुलूपबंद असतो, आणि कुलूप उघडल्यावर पुंगळी ओढून काढण्याचे बरेचसे काम एक्स्ट्रॅक्टर करतो. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या बहुतेक कार्बाइन ‘ब्लोबॅक’ पद्धतीच्या असतात. त्यांत कुलूप नसते. बोल्टचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच दाब थोपवला जातो. ९ मि.मी. काडतुसात हा दाब सुमारे २,३५० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) जातो. तो गोळीला पुढे ढकलतो आणि पुंगळीला मागे. पुंगळी पिस्टनसारखी बोल्टला रेटत स्वतःच चेंबरमधून बाहेर येऊ लागते. गोळी ८ ग्रॅम आणि बोल्ट ६०० ग्रॅम धरला, तर स्टर्लिंग कार्बाइनसारख्या आखूड नळीतून गोळी बाहेर पडेपर्यंत बोल्ट दोन-अडीच मिलिमीटरच सरकलेला असतो, पण तेवढ्या वेळात त्याला हवा तो वेग मिळालेला असतो. या सगळ्यात नखाला ओढावे लागत नाही. ते फक्त सोबत जाते आणि पुंगळी इजेक्टरपर्यंत नीट धरून ठेवते.

म्हणून ब्लोबॅक कार्बाइनचा एक्स्ट्रॅक्टर तुटला तरी ती पुष्कळदा चालत राहते. रेंजवर २०-३० राउंड झाडले जातात. पुंगळ्या कधी उजवीकडे, कधी सरळ वर, कधी पायाशी पडतात, एखादी खिडकीत उभी अडकते. ‘मॅगझिनची स्प्रिंग गेली असेल’ म्हणून मॅगझिन बदलले जाते, कार्बाइन पुन्हा चालते आणि विषय संपतो. नख तुटल्याचे खरे उघड होते ते न झाडलेले काडतूस बाहेर काढायची वेळ येते तेव्हा. तिथे दाब नसतो, ढकलणारे काही नसते, ओढणारे फक्त नख असते. ते नसेल तर बोल्ट रिकामाच मागे येतो आणि जिवंत काडतूस चेंबरमध्ये जागच्या जागी राहते. बोल्ट ओढला, काही पडले नाही, म्हणून शस्त्र रिकामे, असे ज्याला वाटते त्याच्या हातात त्या क्षणी भरलेले शस्त्र असते.

पुढे काय होते ते शस्त्राच्या जातीवर ठरते. बंद बोल्टवरून झाडणाऱ्या, म्हणजे झाडण्याआधी बोल्ट पुढे मिटलेला असतो अशा, कार्बाइनमध्ये काडतूस आत आणि बोल्ट त्यावर मिटलेला अशी स्थिती राहते. ताणलेला हॅमर सोडायला किंवा शस्त्र खोलायला ट्रिगर दाबला की गोळी सुटते.

आपल्याकडे राज्योराज्यीच्या पोलिसांत वर्षानुवर्षे वापरात असलेली कानपूरच्या कारखान्यातली ९ मि.मी. कार्बाइन ही ब्रिटिश स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती. ब्रिटिश फौजेने स्टर्लिंग १९५३ साली स्वीकारली. ती उघड्या बोल्टवरून झाडते, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत बोल्ट मागे अडकलेला असतो, आणि तिची फायरिंग पिन (टोपीवर ठोका देणारी) बोल्टच्या तोंडावर कायमची बसवलेली असते. कॉक केलेल्या, म्हणजे झाडायला तयार, अवस्थेत बोल्ट मागे आणि चेंबर रिकामे असलेच पाहिजे, यावर तिची सगळी सुरक्षितता उभी आहे. समजा टोपी पेटली नाही, काडतूस आतच राहिले. शिपाई बोल्ट मागे घेतो. नख शाबूत असेल तर ते काडतूस बाहेर उडते. नख तुटलेले असेल तर ते आत राहते, आणि बोल्ट मागे असल्याने शस्त्र दिसायला अगदी मोकळे दिसते. मॅगझिन काढले जाते. मग स्प्रिंग सैल करण्यासाठी ट्रिगर दाबून बोल्ट पुढे सोडला जातो. पिन त्याच टोपीवर दुसऱ्यांदा आदळते. पहिल्या ठोक्याला न पेटलेली टोपी दुसऱ्या ठोक्याला पेटू शकते. आणि मॅगझिन न काढता पुढचा राउंड झाडायचा प्रयत्न केला, तर नव्या काडतुसाचे टोक आतल्या काडतुसाच्या टोपीवर आपटते. दोन्ही प्रकारांत शस्त्र हाताळणारा माणूस आपल्या परीने नियम पाळत असतो. चेंबरमध्ये डोकावणे एवढेच राहून गेलेले असते.

नख झिजते कशामुळे? पहिला शत्रू मळ. ब्लोबॅकमध्ये नळीत थोडा दाब शिल्लक असतानाच पुंगळी मागे सरकू लागते, त्यामुळे काजळी, अर्धवट जळलेली दारू आणि पितळेची बारीक कीस बोल्टच्या तोंडावर साचते. ती नखाच्या आतल्या कोपऱ्यात दाबली जाते. वरून सढळ हाताने तेल ओतले की त्याचा काळा लगदा होतो, आणि नख पूर्ण मिटतच नाही. ‘एक्स्ट्रॅक्टर गेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हा लगदाच कारण असल्याचे पुष्कळदा दिसते. दात कोरायची काडी, जुना नायलॉनचा टूथब्रश आणि थोडे सॉल्व्हंट एवढ्यावर दहा मिनिटांत काम होते. फक्त काडी नखाच्या आत, बोल्टच्या तोंडाला घासत, अगदी कोपऱ्यापर्यंत गेली पाहिजे. वरवर चिंधी फिरवून तो कोपरा कधीच साफ होत नाही.

दुसरा शत्रू स्प्रिंग. अनेक बोल्टमध्ये ती बॉलपेनच्या स्प्रिंगचा नखाएवढा तुकडा वाटावा इतकी लहान असते. प्रत्येक राउंडला ती दबते, उष्णता सोसते, आणि हळूहळू आखूड होते. नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी केली की फरक लगेच दिसतो. जुनी स्प्रिंग ओढून लांब करू नये. त्याने दोन-चार मॅगझिन बरे वाटते आणि मग ती पूर्वीपेक्षा जास्त बसते. सरावासाठी सतत वापरल्या जाणाऱ्या कार्बाइनची ही स्प्रिंग दर ५,००० राउंडला, शंका असो वा नसो, बदलावी असे आमचे मत आहे. सगळ्या दुरुस्तीत हा सर्वांत स्वस्त भाग, आणि कोतातल्या (शस्त्रागारातल्या) सुट्या भागांच्या डब्यात नेमका तोच नसतो.

तिसरे कारण माणसाच्या सवयीतले. सुटे काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकायचे आणि त्यावर बोल्ट सोडायचा. काही बोल्टमध्ये काडतूस मॅगझिनमधून वर येताना कड नखाखाली आपोआप सरकते, नखाला कडेवरून उडी मारावीच लागत नाही. तिथे हाताने टाकलेल्या काडतुसावर बोल्ट आपटला की नखाला जबरदस्तीने फाकावे लागते, आणि टोकाचा टवका उडतो. ज्या बोल्टमध्ये नखाला पुढून उतार दिलेला असतो त्यांना ही उडी चालते, पण एकेक राउंड असा भरायची सवय कोणत्याच नखाच्या हिताची नाही. काडतूस मॅगझिनमधूनच भरावे.

चौथे कारण जुळणीतले. नळीच्या मागच्या तोंडाला नखासाठी एक खाच कापलेली असते. ती उथळ असली, नळी किंचित फिरलेली बसली, किंवा बोल्ट एका कारखान्याचा आणि नळी दुसऱ्याची असली, तर दर राउंडला नखाचे टोक नळीवर ठोकले जाते आणि चेपत जाते. हे ओळखायची सोपी रीत आहे. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून नखाच्या पुढच्या बाजूला मार्कर पेनने रंग द्यावा, बोल्ट हाताने सावकाश मिटवावा, पुन्हा उघडून पाहावे. रंग पुसला गेला असेल तर नख नळीला लागते आहे. नवे नख बसवूनही तेच होणार, आधी खाच दुरुस्त करून घ्यावी.

नखाच्या धातूवरही आयुष्य ठरते. काही एक्स्ट्रॅक्टर पोलादाची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजून करतात, काही सळईतून कोरून. साच्यातला चांगला केलेला भाग वर्षानुवर्षे चालतो. पण आत बारीक पोकळी राहिली असेल तर तो न वाकता, कसलीही सूचना न देता कोपऱ्यातून मोडतो. आणि झिजलेल्या नखाला कानशीने नवी धार काढू नये. कोन बदलतो, वरची कठीण साल निघते, आतले मऊ पोलाद उघडे पडते. असे घासलेले नख पहिल्या दिवशी उत्तम धरते आणि लवकरच पूर्वीपेक्षा वाईट होते.

चेंबरचा दोष कधी कधी नखाच्या माथी मारला जातो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंतीला टेकून किंवा चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या शस्त्राच्या चेंबरला गंज धरतो, त्यात खड्डे पडतात, आणि काडतूस त्यांत रुतते. मग नख कड ओरबाडते पण काडतूस सुटत नाही. पुंगळीची कड भिंगाखाली पाहिली तर हा फरक कळतो. निरोगी शस्त्रात कडेवर नखाची एक बारीक खूण दिसते आणि साधारण समोरच्या बाजूला इजेक्टरचा ठोका. कड खरवडून वर उचललेली असेल तर चेंबर तपासावे. कडेवर खूण पुसट, घसरल्यासारखी असेल तर नख किंवा स्प्रिंग. चेंबर साफ करून कोरडे ठेवावे. गोळीबारापूर्वी त्यात तेल राहिले तर पुंगळीची भिंतीवरची पकड कमी होते आणि बोल्टवर जास्त जोराचा रेटा येतो.

कमांडो दलांकडे असणारी एमपी-५ ही ९ मि.मी.ची जर्मन बनावटीची सबमशीनगन या बाबतीत वेगळी. तिचा बोल्ट रोलरने थोडा वेळ रोखलेला असतो, आणि चेंबरमध्ये लांबट खोबणी कोरलेल्या असतात. त्यांतून गॅस पुंगळीभोवती फिरतो आणि तिला भिंतीला चिकटू देत नाही. पुंगळीवर उभ्या काळ्या रेघा दिसतात त्या याच. या सोयीमुळे तिचे नख गेले तरी गोळीबार चालू राहू शकतो, म्हणजे दोष आणखी खोल लपतो. खाली करतानाचा धोका मात्र तोच.

कोतात पाच मिनिटांत करता येणारी तपासणी अशी. बोल्ट बाहेर काढावा. ड्रिलचे निर्जीव काडतूस, जिवंत कधीही नाही, बोल्टच्या तोंडावर नखाखाली सरकवावे. बोटाने रेटल्यावर ते सरकले पाहिजे, फार घट्टही नको. आता बोल्टचे तोंड जमिनीकडे करून हलकेच हलवावे. काडतूस धरून राहिले पाहिजे. लगेच गळून पडले तर नख साफ करून पुन्हा पाहावे, तरीही पडले तर स्प्रिंग बदलावी, त्यानंतरही पडले तर नख. हाच क्रम ठेवावा, कारण स्वस्तातला उपाय आधी होतो आणि खरे कारण सापडते. मग १० पट भिंगाखाली नखाची आतली धार पाहावी. ती सरळ, अखंड रेघ दिसली पाहिजे. मधे टवका किंवा चमकणारी गोलाई दिसली की नख बदलण्याची वेळ झाली. शेवटी बोल्ट परत बसवून मॅगझिनमध्ये पाच निर्जीव काडतुसे भरावीत आणि हाताने एकेक करून पाचही बाहेर काढावीत, दोनदा जोरात, तीनदा मुद्दाम सावकाश. जोरात ओढल्यावर अर्धमेले नखही काम करून जाते. दोष दिसतो तो सावकाश ओढताना. नख खोलून काढायचे असेल तर योग्य मापाचा पिन पंच वापरावा आणि स्प्रिंगच्या जागी अंगठा ठेवावा. ती उडाली की सापडत नाही, आणि मग भलतीच स्प्रिंग बसवली जाते.

शस्त्र खाली करताना आधी मॅगझिन काढावे, नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट पूर्ण मागे घ्यावा, मग तो मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे. अंधार असेल तर करंगळी घालून चेंबरचे तोंड चाचपावे. काडतूस चेंबरमध्ये होते हे माहीत असेल आणि बाहेर काहीच पडले नसेल, तर शस्त्र भरलेले समजावे आणि बोल्ट पुढे सोडू नये. अडकलेले जिवंत काडतूस नळीच्या तोंडातून रॉड घालून ठोकून काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ते आर्मोररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याचे, काम आहे.

९ मि.मी. कार्बाइन भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाही, पण आपले दैनिक अमेरिकेतले मराठी वाचकही ऑनलाइन वाचतात, आणि तिथे अशा सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन घरी ठेवणारे आहेत. तिथल्या संघीय कायद्यामुळे रायफलची नळी सहसा १६ इंच किंवा त्याहून लांब ठेवतात. लांब नळीत गोळी जास्त वेळ राहते, म्हणून बोल्ट जड लागतो. रुगरच्या पीसी कार्बाइनमध्ये यासाठी बोल्टमध्ये टंगस्टनचे वजन बसवले आहे. १९८५ ते १९९९ या काळात निघालेली मार्लिन कॅम्प कार्बाइन अजून अनेकांकडे आहे. तिच्यातला प्लास्टिकचा बफर (बोल्टचा धक्का झेलणारा तुकडा) वयोमानाने भुगा होतो, आणि त्यानंतर बोल्टचे प्रत्येक आपटणे थेट शस्त्राला बसते. ती वापरण्याआधी बफर पाहावा, मग नख. निरनिराळ्या कारखान्यांचे भाग जोडून केलेल्या, एआर-१५ रायफलीच्या धर्तीवरच्या ९ मि.मी. कार्बाइनसाठी वर सांगितलेली मार्करची परीक्षा आवर्जून करावी.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी घटना घडली की तीन प्रश्न जरूर विचारावेत. मॅगझिन आधी काढले होते का? चेंबरमध्ये कोणी पाहिले होते का? घटनेनंतर एक्स्ट्रॅक्टर तपासला का, आणि कोणी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर त्याच तुकडीतल्या बाकीच्या कार्बाइनही तपासल्या जातील, कारण त्यांचे वय आणि वापर बहुधा सारखाच असतो.

हा प्रश्न लवकर विचारायला आणखी एक कारण आहे. पुंगळीच्या कडेवरची नखाची खूण शस्त्र ओळखायला उपयोगी पडते. काडतूस न झाडता नुसते चेंबरमध्ये भरून काढले तरी ती उमटू शकते. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत अशा खुणा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या जातात. घटनेनंतर घाईने नवा एक्स्ट्रॅक्टर बसवला, किंवा बोल्ट चकचकीत धुऊन ठेवला, तर ती खूणही जाते आणि नख आधीच तुटलेले होते की नाही हेही सांगता येत नाही. शस्त्र सुरक्षित करून आहे त्या स्थितीत सीलबंद करावे. नख तुटलेले असेल तर त्याचा तुकडा बोल्टच्या खाचेत, मॅगझिनच्या तळाशी किंवा ट्रिगरच्या खाली सापडतो. तो कागदाच्या पाकिटात वेगळा ठेवून त्यावर शस्त्राचा क्रमांक आणि तारीख लिहावी.

आपले,
शस्त्रदुरुस्तीच्या कामातले दोन वाचक,
पुणे